दार कोणी लावलं?

"बाई, एक ओळ राहिली."

बुधीबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलली त्यातलं हे एक वाक्य. पहिलं होतं, "वाच."

सिन्नरहून बदली होऊन मी त्या पाड्यावरच्या शाळेत आले, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. खोडाळ्याला एस्टीतून उतरायचं आणि तिथून पायी तासभर चालायचं, असा तो पाडा. दुपारची सुट्टी होती. मुलं हापशावर ताटल्या धूत होती. पन्नाशीची एक काटक बाई ओट्यावर येऊन बसली. गुडघ्यापर्यंत ओढून नेसलेलं लुगडं, अनवाणी पाय, हातात बांबूची एक नळी. धुरानं नळी काळीकुळकुळीत झालेली. तिनं नळीच्या तोंडाची चिंधी काढली, आतून गुंडाळलेला कागद अलगद ओढला आणि माझ्यापुढे धरला.

"वाच."

वाचता का, नाही. वाचाल का, नाही. पुढे कळलं की तिच्या घरच्या बोलीत 'तुम्ही' नाहीच. ती तहसीलदाराला तू म्हणायची, देवाला तू म्हणायची आणि कोंबडीलाही तू म्हणायची, सगळ्यांना सारख्याच आवाजात.

कागद इंग्रजी होता. जाड, सरकारी, वर सिंहांची मुद्रा. चुलीवर टांगलेल्या नळीत राहून त्याला चहासारखा रंग आला होता. युद्धात दाखवलेल्या शौर्याबद्दल नौदलातल्या एका नाविकाला मरणोत्तर दिलेल्या पदकाचं ते मानपत्र होतं. नाविकाचं नाव काळूराम. तो हिचा नवरा.

"एक एक कर," ती म्हणाली. "आधी तसा वाच, मग आपल्यात सांग."

मी एकेक वाक्य इंग्रजीत वाचून मराठीत सांगू लागले. एकाहत्तरच्या लढाईत काळूरामची बोट अरबी समुद्रात शत्रूच्या पाणबुडीचा माग काढत होती. बोटीच्या पुढच्या भागात, अगदी तळाच्या खोलीत, कानाला यंत्र लावून बसायचं हे काळूरामचं काम. बोट पाण्यात एक आवाज सोडते, तो कशावर तरी आदळून परत येतो. परत आलेल्या त्या आवाजावरून खाली पाणबुडी आहे की मासळीचा थवा हे त्यानं सांगायचं. एके दिवशी दुपारी बोटीजवळ पाण्याखाली मोठा स्फोट झाला, तळाचा पत्रा उसवला आणि त्या खोलीत पाणी शिरलं. काळूराम जागेवरून हलला नाही. पाणबुडी कोणत्या दिशेला आहे ते त्यानं शेवटपर्यंत वर कळवलं. खोलीतल्या तिघांना शिडीवरून वर चढवलं. पुढचं एक वाक्य मी इंग्रजीत वाचलं, आणि मराठीत न सांगता त्याच्या पुढच्या वाक्यावर गेले. बोट वाचवण्यासाठी दार बंद करण्यात आलं. स्वतःच्या जिवाची पर्वा न करता, वगैरे वगैरे.

मी कागद गुंडाळायला घेतला, तेव्हा ती म्हणाली, "बाई, एक ओळ राहिली."

"कुठली?"

"व्हाइल द वॉटर वाली."

मी चपापले. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण तो कागद तिला सुरासकट पाठ होता. गाळलेली ओळ अशी होती, की पाणी गळ्यापर्यंत चढत असताना काळूराम आत एकटा होता. ती मी सांगितली. तिनं मान हलवली.

"पयल्या मास्तरानी समदा वाचला होता," ती म्हणाली. "रडला, पण वाचला. मागून आलेले तुझ्यासारखे. पोरांना पण अर्धाच शिकवशील का?"

मग तिनं विचारलं, "दार कोणी लावला?"

मी कागद पुन्हा पाहिला. "लिहिलेलं नाही. नुसतं बंद करण्यात आलं असं आहे."

"नाय लिवला," ती म्हणाली. कागद नळीत घातला, चिंधी बसवली आणि निघून गेली. मी व्याकरण शिकवणारी बाई. वाक्यातून कर्ता गळला तरी वाक्य शुद्ध राहतं, हे वर्गात कितीदा सांगितलं असेल. पण त्या गळलेल्या माणसाची कुणी इतकी वर्षं चौकशी करत बसलं असेल, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

काळू नौदलात कसा गेला, ते तिनं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. जव्हारच्या वसतिगृहात राहून तो आठवीपर्यंत शिकला होता. नाशिकला भरती आहे असं कुणीसं म्हणालं, म्हणून दोन मित्रांबरोबर गेला. मित्र परत आले. काळूला ठेवून घेतलं. तिथे कान तपासले होते. लहानपणापासून त्यानं नागलीच्या राखणीला माचावर बसून रानाचे आवाज ऐकलेले. समुद्र त्यानं पाहिलेला नव्हता, पण ऐकायला तयार कान त्याच्याकडे होते. लग्न झालं तेव्हा ती पंधरा-सोळाची असेल. तो दोनदा रजेवर आला. तिसऱ्यांदा त्याच्या राखेचं मडकं आलं, आणि पुढच्या हिवाळ्यात दिल्लीचं बोलावणं. सासऱ्याबरोबर ती दिल्लीला गेली. दिल्लीतलं तिला एवढंच आठवत होतं की थंडी मरणाची होती, कुणा साहेबाच्या बायकोनं आपल्या अंगावरची शाल काढून तिला दिली, आणि व्यासपीठावर कुणीतरी कागद वाचत होतं त्यातला एक शब्द तिला कळला, काळूराम.

पदक तिनं कधी भिंतीवर लावलं नाही. नागलीच्या कणगीत खोल खुपसून ठेवलेलं असायचं. "नागलीला किडा लागत नाय," ती म्हणायची. "दहा वर्सं ऱ्हाते. पेटीत ठेवला तर वाळवी खाईल पेटी." कुणी बघायला मागितलं की ती कोपरापर्यंत हात कणगीत घालायची, चाचपून पदक काढायची आणि लुगड्याला पुसून समोरच्याच्या तळहातावर ठेवायची. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की शाळेत ते मानपत्र वाचलं जाई आणि पदक मुलांच्या हातातून फिरे. "जड हाय का बघा," ती मुलांना सांगायची. मुलं हात वरखाली करून वजन घ्यायची. एकदा पहिलीतल्या एका मुलीनं सांगितलं, "आजी, हलका हाय." बुधीबाई म्हणाली, "मना पण तसाच वाटला होता."

मूलबाळ नव्हतं. त्यांच्यात विधवेला दुसरं घर करायची मोकळीक असते. तिला दोन-तीनदा मागणी आली होती, असं पाड्यावरच्या म्हाताऱ्या सांगत. ती का गेली नाही, असं मी एकदा विचारलं. नवऱ्यावरच्या प्रेमाबद्दल काहीतरी ऐकायला मिळेल असं मला वाटलं होतं.

"एक गोष्ट कळायची ऱ्हायली हाय," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या घरात बसून पयल्याचा विचारत ऱ्हावा, ता बरा दिसत नाय."

त्या एका प्रश्नाची तिला अशी सवय लागली होती की तो सगळीकडे निघायचा. ग्रामसभेत तिची सगळ्यांना धास्ती. "नळाचा पाईप चोरीस गेलेला आहे," असं कुणी बोललं की मागून आवाज यायचा, "कोणी नेला?" "रस्त्याचं काम प्रलंबित राहिलं आहे." "कोणी ठेवला?" नवीन आलेला एक तरुण अधिकारी वैतागून म्हणाला, "आजी, तुम्ही प्रत्येक गोष्टीत माणूस कशाला शोधता?" बुधीबाई त्याला म्हणाली, "तू शोध मग. तुला पगार हाय." सभा हसली, तोही हसला. पण पाईप कोणी नेला ते त्याच आठवड्यात निघालं.

लोकांना वाटायचं, म्हातारी खाष्ट आहे, दोष द्यायला टपलेली असते. मलाही काही वर्षं तसंच वाटलं. मग पाड्यावरचं एक तापलेलं पोर गेलं. दोन दिवस घरात ठेवलं, तिसऱ्या दिवशी भगताकडे नेलं, चौथ्या दिवशी जव्हारला दवाखान्यात नेताना वाटेतच संपलं. चौकशीला माणसं आली. शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं: उपचारास विलंब झाला. पोराची आई खांबाला टेकून बसली होती. सगळे बुधीबाईकडे बघू लागले, आता ती विचारणार.

तिनं विचारलंच. "विलंब कोणी केला?"

पोराच्या आईनं तोंड झाकून घेतलं.

"मी केला, लिव," बुधीबाई म्हणाली. "भगताकडे नेताना माझ्या दारावरून नेला. मी बघितला. मना ठावं होता, दवाखान्यात न्यायला पायजे. मी गप ऱ्हायले. लिव माझा नाव."

लिहिणारा माणूस थांबला. मग पोराचा चुलता उठला. म्हणाला, "माझा पण लिवा. मी जीप सांगायला गेलो नाय." मग आणखी एक. कागदावर शेवटी काय गेलं ते मला ठाऊक नाही. पण खांबाला टेकलेल्या त्या आईनं पदर बाजूला केला होता, आणि ज्यांनी ज्यांनी नाव सांगितलं त्यांच्याकडे ती एकेक करून बघत होती. ती एकटी राहिली नव्हती. त्या दिवशी मला कळलं की बुधीबाई माणूस शोधते ती त्याला धरायला नव्हे. काय करायला, हे कळायला मला अजून काही वर्षं लागायची होती.

दत्ताराम आले ते एका हिवाळ्यात. सत्तरीला टेकलेले गृहस्थ, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, तासभर मातीतून चालूनही चकचकीत बूट, हातात काजूची पिशवी. मुलांच्या बुटक्या बाकावर ताठ बसून म्हणाले, "मी वेंगुर्ल्याचा. नौदलात होतो. नाविक काळूरामच्या मंडळींचा पत्ता शोधत आलोय."

मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास तसाच हातात धरून ठेवला.

"बाई, त्या दिवशी दार मी लावलं," ते म्हणाले. "ते सांगायला आलोय."

इतकी वर्षं ती ज्याला विचारत होती तो माणूस माझ्या वर्गात, बे एके बेच्या फळ्याखाली बसला होता. आणि मी काय केलं? मी त्यांना म्हणाले, "काका, नका सांगू. ती आता म्हातारी झालीय. नवऱ्यानं आपणहून जीव दिला या अभिमानावर तिनं आयुष्य काढलंय. तुमच्या मनावरचं ओझं तिच्या डोक्यावर कशाला ठेवता? भेटा, काळूच्या दोन गोष्टी सांगा आणि जा."

त्यांनी ग्लास बाकावर ठेवला. "बरं," म्हणाले. "तुम्ही ओळखता त्यांना."

मला तेव्हा मी फार शहाणपणाचं वागले असं वाटलं.

बुधीबाई अंगणात उडीद पाखडत होती. काळूच्या बोटीवरचा माणूस म्हटल्यावर तिनं सूप खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "ये," म्हणाली. आत चूल पेटली. नागलीच्या भाकरी थापता थापता ती ऐकत होती आणि दत्ताराम बोलत होते.

"वहिनी, आमच्या बोटीवर काळूसारखा कान कुणाचा नव्हता. एकदा सगळे म्हणाले, पाणबुडी सापडली. वरून हुकूम निघायचाच होता, काळू म्हणाला, साहेब, मासळी आहे. साहेब चिडले, कशावरून? तर म्हणाला, रानडुक्कर सरळ चालून येतं आणि भेकर थांबत थांबत येतं. हे थांबत थांबत येतंय. आणि मासळीच निघाली! त्यानंतर साहेब त्याला विचारायचे, काय रे, डुक्कर की भेकर?"

बुधीबाई हसली. पीठ लागलेली मूठ तोंडावर धरून हसली. मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्या हसण्यात ती एकदम सोळा वर्षांची दिसली.

"माझ्यासंग माचावर बसायचा तेवा हेच शिकवायचा," ती म्हणाली. "मना कवा आला नाय."

मग तिनं कणगीत हात घालून पदक काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि मान खाली घातली. तेवढ्यात तिनं चुलीवरची नळी काढली.

"तू बोटीवरचा. तू वाच."

दत्तारामांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा लावला. कवायतीच्या मैदानावर वाचावं तसं खणखणीत वाचू लागले. तिघांना वर चढवलं, तिथपर्यंत आले. पाण्याची ओळ वाचली. आणि पुढच्या ओळीवर थांबले.

बुधीबाईनं तव्यावरची भाकर उलटली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे नाही.

"बाई, तू याला काय सांगितलास?"

मी जमिनीवर सांडलेलं पीठ बोटानं गोळा करू लागले.

ती त्यांच्याकडे वळली. "दार कोणी लावला?"

"मी, वहिनी," दत्ताराम म्हणाले. "मी लावलं."

चुलीतलं लाकूड तडतडलं. तिनं तवा उतरवला, हात पुसले आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

"कसा लावला? दाखव."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कणगीचं झाकण बाजूला पडलेलं होतं, ते उचललं. "वहिनी, ते घराच्या दारासारखं दार नसतं. डोक्यावर असतं. खाली खोली, वर असं भोक, त्याला लोखंडी झाकण. शिडीवरून त्यातनं वर यायचं."

"वर," ती म्हणाली. "मना वाटायचा, भिंतीत हाय. समुद्राकडं उघडणारा." इतकी वर्षं ती एक चुकीचं दार बघत आली होती. तिनं झाकण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. "मग?"

"तिघे वर आले. मी वरून त्यांना ओढून घेत होतो. शिडी सुटली. पाणी त्या भोकातनं वर उसळायला लागलं. ते तसंच राहिलं असतं तर पुढची खोली भरली असती, मग त्याच्या पुढची. सगळी बोट गेली असती. हुकूम आला, लाव. आणि काळूचा हात कडेवर होता." त्यांनी झाकणाच्या कडेवर स्वतःची चार बोटं ठेवली. "ही अशी. मी थांबलो, वहिनी. किती थांबलो ते सांगता येत नाही, श्वास घ्यावा एवढा. त्यानं वर बघितलं. माझ्याकडे. आणि बोटं काढून घेतली. मग मी लावलं."

त्यांनी बोटं उचलली. झाकण कणगीवर ठेवलं.

"त्याला ओढून घ्यायला वेळ नव्हता. असा माझा समज आहे. कदाचित होता. गेली चाळीस वर्षं मी तेच बघतोय, वेळ होता का."

बुधीबाई झाकणाकडे बघत होती. "बोटा काढली," ती हळूच म्हणाली. "ता कागदात नाय."

"नाही. ते मी कुणाला सांगितलंच नाही. सांगायचं तर मी थांबलो होतो तेही सांगावं लागलं असतं. हुकूम झाल्यावर थांबायचं नसतं."

"मग?" ती म्हणाली. "आतून ठोकला का त्यानी?"

"नाही, वहिनी."

अंगणात कोंबड्या उडदाच्या सुपात शिरल्या होत्या, तिचं लक्ष नव्हतं. दत्तारामांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता.

"खरा सांग," ती म्हणाली. "अर्धा ऐकलेला खोट्यापेक्षा वंगाळ."

"दोनदा," ते म्हणाले. "ठक, ठक. मग नाही. मी त्यावर कान ठेवून पडलो होतो. मला तिथून ओढून न्यावं लागलं." मग घाईघाईनं म्हणाले, "आमच्यात दार पक्कं बसलं की दोन ठोके द्यायची पद्धत होती, वहिनी. म्हणजे सगळं ठीक. मी स्वतःला सांगत आलो की त्यानं तेच कळवलं. पण..."

"तुला ठावं नाय."

"नाही. मला माहीत नाही."

"मग नको सांगू," ती म्हणाली.

ती उठून मागच्या अंगणात गेली. बराच वेळ आली नाही. पाणी ओतल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. आता ती येईल आणि या माणसाला उठायला सांगेल, असं मला वाटत होतं. तिनं तसं केलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

ती आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. हातात तांब्या होता.

"हात धू," ती दत्तारामांना म्हणाली. "भाकर निवली."

तो कडक इस्त्रीचा माणूस तिथे जमिनीवर वाकून लहान मुलासारखा रडला. तिनं त्याला रडू दिलं. मग कुणी नेलेली कोयती फार उशिरा परत आणून दिली की रागवावं, तशा आवाजात म्हणाली, "येवढी वर्सं एकला घेऊन फिरलास. यातला निम्मा माझा होता. येवढ्या उशिरा आणतात का?"

आणि तिनं त्यांच्या हातांवर पाणी ओतलं. ओतताना ती त्या हातांकडे बघत होती. झाकणाच्या कडेवर ठेवलेली ती चार बोटं तिनं स्वतःच्या हातानं चोळून धुतली.

जेवण झाल्यावर निघताना ते म्हणाले, "वहिनी, एकदा वेंगुर्ल्याला या. माझ्या घरातनं समुद्र दिसतो."

"नाय," ती म्हणाली. "रजेवर आला तरी त्यानी समुद्राची गोष्ट कवा सांगितली नाय. आला की डोंगरावर जायचा. मी तिकडं काय बघू? तूच ये."

ते आले. पुढची दोन वर्षं सव्वीस जानेवारीला ते आमच्या शाळेच्या मैदानात खुर्चीवर ताठ बसलेले असत.

मला मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी माझं मिळालं. प्रार्थना चालू असताना ती आली, मुलं वर्गात जाईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "बाई, मना मडका समजलीस काय? फुटल म्हणून?" एवढंच. मग तिनं मला मूठभर काजू दिले, दत्तारामांनी आणलेले.

त्या वर्षीच्या झेंडावंदनाला बाहेरून एक अधिकारी पाहुणे आले होते. मी नेहमीप्रमाणे मानपत्र वाचत होते. दार बंद करण्यात आलं, या वाक्याला बुधीबाई रांगेतून पुढे आली. "थांब," म्हणाली. "असा बोल: दार दत्तारामनी लावला. त्याच्या आधी काळूनी बोटा काढून घेतली."

पाहुणे समजुतीनं म्हणाले, "आजी, सरकारी कागदात असा बदल करता येत नाही."

"कागूद तसाच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तोंडानी बोलायला कोण अडवतो?"

पाहुणे दत्तारामांकडे बघत राहिले. ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते, दोन्ही हात शरीराला चिकटवून. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी वाचलं. समोर बसलेल्या मुलांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यानंतर दर वर्षी ते तसंच वाचलं गेलं. मुलांना ती दोन वाक्यं पाठ झाली.

दोन ठोक्यांचं मात्र तिनं कधी बोलू दिलं नाही. "ता आपल्या तिघांचा," म्हणाली होती. मी तिला एकदा म्हटलं, बुधीबाई, मला तुझ्यावर लिहायचंय. तिनं विचार केला. "मी असताना नको. मेल्यावर लिव. पण लिवशील तर समदा लिव, अर्धा नको." आता ती नाही, म्हणून आज सगळं लिहिते आहे.

दत्ताराम गेल्याचं त्यांच्या मुलाचं पत्र मीच तिला वाचून दाखवलं. त्या वर्षी पितरांना तिनं घराबाहेर दोन पानं मांडली. कुणी विचारलं की सांगायची, "एक काळूचा. एक माझ्या दिराचा."

माझी निवृत्ती जूनअखेरची. आवराआवर करून निघायला जुलै उजाडला. पाड्यावरून माणसं खोडाळ्यापर्यंत पोचवायला आली, मुलांनी पिशव्या उचलल्या. बुधीबाई आली नाही. सत्तरी ओलांडली होती तरी लावणी होती, आणि लावणीत माणसानं रजा घ्यायची नसते असा तिचा कायदा. एस्टी मोखाड्याच्या रस्त्याला लागली आणि एका वळणावर खालच्या खाचरात मला बायकांची ओळ दिसली. सगळ्या वाकलेल्या, सगळ्यांच्या पाठीवर इरली, त्यामुळे कोण कुठली ते कळेना. पण ओळीच्या टोकाला एक इरलं होतं त्याच्याखालचे पाय मी ओळखले. मी कंडक्टरच्या विनवण्या केल्या. गाडी थांबली. खिडकीतून ओरडले, "बुधीबाई!"

ती सरळ झाली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात रोपांची जुडी, कोपरापर्यंत चिखल. पावसातून तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

"कोणी थांबवली गाडी?" ती ओरडली.

"मी!"

"जा मग! आत लोका बसलीत!"

आणि ती हसली, मूठ तोंडावर न धरता. गाडी सुरू झाली. तेवढ्या वेळात ओळ तिच्यापुढे दोन हात सरकली होती. ती वाकली आणि भराभर रोपं खोवत, मागे पडलेलं अंतर भरून काढायला लागली.